तीस सप्टेंबरचा पट

बारामती किंवा इंदापूर तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेच्या भिंतीवर, शाळेच्या नावाखाली, अकरा अंकी संख्या रंगवलेली दिसते. पहिले दोन अंक २७, म्हणजे महाराष्ट्र. पुढचे २५, म्हणजे पुणे जिल्हा. मग दोन अंक तालुक्याचे, तीन गावाचे किंवा वॉर्डाचे आणि शेवटचे दोन त्या गावातल्या त्या शाळेचे. हा यूडायस क्रमांक, शाळांच्या राष्ट्रीय नोंदीतली त्या शाळेची ओळख. गावकऱ्यांचे त्याच्याकडे फारसे लक्ष जात नाही. मुख्याध्यापकांना मात्र तो तोंडपाठ असतो, कारण वर्गखोलीच्या दुरुस्तीचा प्रस्ताव असो की अनुदानाचा हिशेब, कागद पुढे सरकतो तो याच क्रमांकावर.

देशभरातल्या शाळांची अशी एकत्र नोंद ठेवायला सुरुवात झाली १९९४-९५च्या सुमारास, जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाबरोबर. महाराष्ट्रात तो कार्यक्रम आधी मराठवाड्यात आला. २०१२-१३मध्ये प्राथमिक आणि माध्यमिकच्या वेगवेगळ्या नोंदी एक झाल्या, २०१८-१९ला सगळा कारभार ऑनलाइन होऊन नावापुढे ‘प्लस’ लागला. खरा बदल झाला तो २०२२-२३मध्ये. तोवर शाळा बेरजा पाठवत होत्या: पहिलीत मुलगे इतके, मुली इतक्या, अनुसूचित जातीचे इतके. त्या वर्षापासून एकेका मुलाची नावानिशी नोंद सुरू झाली आणि प्रत्येकाला स्वतःचा कायमचा क्रमांक मिळू लागला.

त्याचा परिणाम राष्ट्रीय तक्त्यात लगेच उमटला. २०२१-२२मध्ये देशाच्या शाळांत २६ कोटी ५२ लाख मुले होती. २०२३-२४मध्ये ती २४ कोटी ८० लाखांवर आली. दोन वर्षांत पावणेदोन कोटींच्या आसपास मुले कागदावरून उतरली. मोजण्याची पद्धतच बदलल्यामुळे या दोन आकड्यांची थेट तुलना करू नये, असे केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने बजावले आणि ते रास्तच आहे. पण बेरजांऐवजी नावे मागितल्याबरोबर आकडा एवढा हलतो, ही गोष्टही लक्षात ठेवण्याजोगी आहे. जन्मच कमी झाल्याने घटलेली मुले, एकाच वेळी दोन शाळांच्या पटावर असलेली मुले आणि खरोखर शाळा सुटलेली मुले, अशी तीन वेगवेगळी माणसे त्या फरकात एकमेकांच्या पाठीमागे उभी आहेत. हक्काचा प्रश्न तिसऱ्यापुरता आहे. त्याला बाकी दोघांतून वेगळे काढायचे तर नुसती मोजणी पुरत नाही. ती कोणत्या दिवशी केली, कोणत्या रकान्यांत केली आणि तिच्यावर कोणाचे काय अवलंबून आहे, हेही पाहावे लागते.

*

शाळेच्या आकड्यांवरून अन्याय दाखवण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी मुंबई इलाख्यातल्या खेड्यांचा हिशेब मांडला होता: दहांपैकी जवळजवळ नऊ खेड्यांत प्राथमिक शिक्षणाची कसलीच सोय नाही आणि सुमारे दहा लाख मुले तिच्यावाचून आहेत. शेतकऱ्याकडून शिक्षणाच्या नावाने पैसा गोळा होतो आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हा त्यांचा मुद्दा. तो आकड्याशिवाय मांडला असता तर नुसती तक्रार ठरला असता.

पण सरकारी आकडे सरकारपुढेच ठेवण्याचा धडा म्हणून वाचावे ते १२ मार्च १९२७चे भाषण. मुंबईच्या विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिक्षणाच्या अनुदानावर बोलायला उभे राहिले. महाडच्या चवदार तळ्यावर जायला आठ दिवस होते. त्यांच्या हातात होते ते शिक्षण खात्याचे स्वतःचे अहवाल. खात्याने लोकसंख्येचे चार वर्ग पाडले होते: पुढारलेले हिंदू, मुसलमान, मराठा आणि तत्सम जातींचा मध्यम वर्ग, आणि मागास वर्ग, ज्यात अस्पृश्य, डोंगरी जमाती आणि तेव्हा ‘गुन्हेगार’ म्हटल्या जाणाऱ्या जमाती एकत्र होत्या. प्राथमिक शाळेत दर हजारी लोकसंख्येमागे पुढारलेल्यांची मुले ११९, मुसलमानांची ९२, मध्यम वर्गाची ३८ आणि मागास वर्गाची १८. लोकसंख्येत हा मागास वर्ग दुसरा होता आणि शाळेत शेवटचा. लोकसंख्येत शेवटचा असलेला वर्ग शाळेत पहिला होता.

ते तिथे थांबले नाहीत. प्राथमिक शाळेत शिरलेल्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत पोहोचतात १८, उरलेली ८२ पुन्हा निरक्षरांत जाऊन मिळतात, हेही त्यांनी दाखवले. आज ज्याला आपण गळती म्हणतो तिचा हिशेब तो. त्या वेगाने सगळ्या मुलग्यांना शाळेत आणायला ४० वर्षे लागतील आणि मुलींना ३००, असे गणितही त्यांनी मांडले. सरकार शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च करते आणि दारूवरच्या करातून माणशी दोन रुपयांहून अधिक काढून घेते, हा टोला वेगळाच.

या भाषणात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की आकडे गोळा करणारे खाते एक होते आणि ते वाचून जाब विचारणारा माणूस दुसरा. खात्याने ते छापले, ही त्या खात्याची कमाई. पण छापून ठेवलेला तक्ता आपण होऊन कोणाच्या बाजूने बोलत नाही. सदनात उभे राहून प्रश्न विचारण्याचा अधिकार असलेल्या माणसाच्या हाती तो पडावा लागतो.

*

आता आजचे रकाने पाहू. यूडायसमध्ये सामाजिक प्रवर्ग चार: सर्वसाधारण, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्ग. धर्माने अल्पसंख्याक असलेल्या मुलांची नोंद वेगळी. महाराष्ट्राची स्वतःची विभागणी याहून बारीक आहे. विमुक्त जाती, भटक्या जमाती ब, क, ड, विशेष मागास प्रवर्ग, इतर मागास. दाखल-खारिज रजिस्टरात आणि राज्याच्या ‘सरल’ प्रणालीत ही बारीक नोंद असते. राष्ट्रीय तक्त्यापर्यंत जाताना मात्र ‘क’मधला धनगर, ‘ड’मधला वंजारी, विमुक्तांमधला रामोशी, वडार, कैकाडी हे सगळे एका ‘इतर मागास’ खाली जातात.

बारामती-इंदापुरात याला फार मोठा अर्थ आहे. हा धनगरवस्तीचा मुलूख. इथला बागायतदार कुटुंबातला, वडिलांच्या नावावर कालव्याखालची जमीन असलेला माळ्याचा मुलगा आणि जिरायती पट्ट्यातून मेंढरांमागे कोकणाकडे उतरणाऱ्या मेंढपाळाचा मुलगा हे दिल्लीच्या तक्त्यात एकाच रकान्यात मोजले जातात. एकाची हजेरी वर्षभर पूर्ण असते, दुसऱ्याची दिवाळीनंतर तुटते. दोघांची सरासरी काढली की निघणारा आकडा दोघांपैकी कोणाचाच नसतो.

कैकाड्यांचे उदाहरण आणखी बोलके. विदर्भातल्या बहुतेक जिल्ह्यांत कैकाडी अनुसूचित जातीत आहेत, उर्वरित महाराष्ट्रात विमुक्त जातीत. तेव्हा एकाच भावकीतले मूल नागपूरच्या शाळेत एका रकान्यात जाईल आणि इंदापूरच्या शाळेत दुसऱ्याच. रोजच्या जगण्यात काडीचाही फरक नसताना.

अर्थात, बारीक रकाने हवेत म्हणणे सोपे आहे, त्यांत स्वतःचे नाव लिहून घेणे सगळ्यांना सोपे नाही. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांची नोंद झाली त्यांच्यासाठी सरकारी वही म्हणजे पोलिसांपुढची हजेरी होती. मुंबई इलाख्यात अशा जमातींना तारेच्या कुंपणात ठेवले गेले. सोलापुरात त्या वस्तीला लोक अजून ‘सेटलमेंट’च म्हणतात. कायदा १९५२ साली रद्द झाला. पालावर आलेल्या शिक्षकाने वही उघडली की पारधी आजी नातवाचे नाव सांगायला कचरते, तेव्हा तिला अडाणी समजू नये. तिच्या घरात वहीचा अनुभव तीन पिढ्यांचा आहे आणि तो चांगला नाही.

दुसऱ्या टोकाला, त्याच शाळेच्या जुन्या रजिस्टरातली एखादी नोंद शंभर वर्षांनी घराण्याच्या उपयोगी पडते. २०२३मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने मराठ्यांना कुणबी प्रमाणपत्रे देण्यासाठी जुन्या कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा महसुली दप्तराबरोबर शाळांचे जुने प्रवेश-निर्गम उतारेही बाहेर निघाले. पुणे जिल्ह्यातल्या कितीतरी शाळांत त्या वर्षी मोडी वाचणाऱ्याला एकदम भाव आला. मास्तरने १९१०-२०च्या काळात बोरूने लिहिलेला एक शब्द, त्याच्यावर आज पुढचे सगळे.

*

रकान्यांपेक्षाही तारखेचा प्रश्न मला अधिक गंभीर वाटतो.

वर्षानुवर्षे शाळेच्या पटाची संदर्भ-तारीख ३० सप्टेंबर राहिली आहे. यूडायससाठी तीच, आणि राज्याच्या संच मान्यतेसाठीही तीच. संच मान्यता म्हणजे पटावरच्या मुलांच्या संख्येवरून शाळेला किती शिक्षक मंजूर, हे ठरवणे. त्या दिवशी पट घसरला तर एक शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि त्याला दुसऱ्या शाळेत जावे लागते. म्हणून सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात शाळेत मुलांची जेवढी विचारपूस होते तेवढी इतर वेळी होत नाही.

आता हीच तारीख साखरेच्या कॅलेंडरवर ठेवून पाहा. साखर कारखाने मोजायचे तर बारामती तालुक्यात माळेगाव आणि सोमेश्वर, इंदापुरात भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा, शेटफळगढ्याचा बारामती अ‍ॅग्रो. नीरेच्या कालव्याने आणि भीमेच्या पाण्याने उभा केलेला हा उसाचा पट्टा. दसऱ्याच्या पुढेमागे मुकादम बीड, धाराशिव, जालना, अहिल्यानगरच्या गावांतून टोळ्या उचलतात. उचल आधीच घेतलेली असते, ती फेडायची असते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि त्यांच्याबरोबर धाकटी पोरे. दिवाळी झाली की गव्हाणीत मोळी पडते, बारामतीच्या रस्त्यांवर उसाच्या बैलगाड्या दिसू लागतात आणि कारखान्याभोवती कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, उभ्या राहतात. परत जाणे पाडव्याच्या आगेमागे, पाऊसपाण्यावर आणि उसावर अवलंबून.

म्हणजे ३० सप्टेंबरला पाटोदा किंवा शिरूर कासार तालुक्यातल्या शाळेत मोजलेली मुलगी नोव्हेंबरात माळेगावच्या कोपीवर असते. धाकट्या भावाला सांभाळते, आई फडावरून यायच्या आत पाणी भरते, उसाचे वाढे विकायला रस्त्याकडेला बसते. बीडच्या पटावर तिचे नाव आहे, बारामतीच्या पटावर नाही. दोन्ही जिल्ह्यांचे तक्ते आपापल्या जागी बरोबर आहेत. तिचे पाच महिने मात्र दोन्हींत नाहीत.

महाराष्ट्राच्याच व्याख्येने सलग एक महिन्याहून अधिक काळ गैरहजर असलेले मूल शाळाबाह्य. त्या हिशेबाने डिसेंबर उजाडला की ही मुलगी शाळाबाह्य ठरायला हवी. तशी ती ठरवायची तर बीडच्या मुख्याध्यापकाने यूडायसच्या पोर्टलवर तिचे नाव पटावरून काढून ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये टाकायचे आणि बारामतीच्या मुख्याध्यापकाने तिथून उचलून आपल्या पटावर घ्यायचे. यंत्रात ही सोय आहे. पण पहिला मुख्याध्यापक ते का करील? नाव काढले की त्याचा पट घटतो, आणि एप्रिलात मुलगी परत येणारच आहे. दुसरा तरी का घेईल? त्याची संच मान्यता सप्टेंबरातच झालेली. नोव्हेंबरात आलेल्या वीस मुलांसाठी त्याला जादा शिक्षक मिळत नाही, आणि मार्चमध्ये ती निघून गेली की गळतीचा आकडा मात्र त्याच्या नावावर बसतो. दोघेही माणूस म्हणून वाईट नाहीत. हिशेबच असा बसवलेला आहे की मूल न दिसणे दोघांच्याही सोयीचे.

शासनाला हे ठाऊक नाही असे नाही. स्थलांतर करणाऱ्या मुलाबरोबर द्यायचे शिक्षण हमी कार्ड आहे, मूळ गावी आजी-आजोबांजवळ मुले राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहे आहेत, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आहे. त्याआधी कारखान्यांवर साखरशाळा होत्या. शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१०ला लागू झाला आणि मुलाला नियमित शाळेतच घातले पाहिजे, या कायद्याच्या आग्रहापायी त्या बंद पडत गेल्या. साखरशाळा दर्जाने कमी होत्या, हे खरे. कोपीपासून दोन किलोमीटरवरची नियमित शाळा, मध्ये कालवा आणि उसाच्या ट्रॅक्टरांचा रस्ता, ही त्या सात वर्षांच्या मुलीच्या दृष्टीने शाळा नसल्यातच जमा होती, हेही तितकेच खरे.

*

मोजणीवर विश्वास नाही म्हणून राज्याने आजवर दोन प्रकारच्या मोठ्या मोहिमा केल्या, आणि दोन्हींत एक गंमत आहे.

पहिली २०११ची पटपडताळणी. नांदेडचे तत्कालीन जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी आपल्या जिल्ह्यात ती करून दाखवली आणि पटावर नावे असलेली पण प्रत्यक्षात नसलेली मुले हजारोंनी निघाली. मग ३ ते ५ ऑक्टोबर २०११ला साऱ्या राज्यात पथके फिरली. एक मूल दोनदा मोजले जाऊ नये म्हणून बोटाला मतदानाची शाई लावली. पटावरची सुमारे २० लाख मुले जागेवर नव्हती. अनुदान, पोषण आहार, शिक्षकांची पदे, सगळे त्या नावांवर चालले होते. पुढे २०१५मध्ये ‘सरल’ आले, त्याला आधार जोडले गेले, आणि २०२२-२३च्या संच मान्यतेला आधार जुळलेली मुलेच धरायची, इथवर गोष्ट आली.

दुसऱ्या उलट बाजूच्या, शाळेबाहेरच्या मुलांच्या. ४ जुलै २०१५ला एका दिवसात राज्यभर घरोघर सर्वेक्षण झाले. २०२२मध्ये ‘मिशन झिरो ड्रॉपआउट’ ५ ते २० जुलै या काळात झाले. दोन्ही जुलैत. जुलै म्हणजे पावसाळा. वीटभट्ट्या बंद, ऊसतोड संपलेली, टोळ्या आपापल्या गावी पेरणीला. ज्या मुलांचे शिक्षण स्थलांतराने तुटते ती नेमकी त्या महिन्यात गावच्या शाळेत हजर. शाळाबाह्य मूल शोधायला वर्षातला याहून गैरसोयीचा महिना सापडणे अवघड. मुद्दाम कोणी निवडला असे मी म्हणणार नाही. शाळा जूनमध्ये सुरू होतात, मोहीम जुलैत येते, एवढा तो सरळ सरकारी क्रम.

खोटी मुले पकडायला शाई, पथके, आधार. हरवलेली खरी मुले शोधायला वर्षातून एकदा, पावसात, एक फॉर्म. राज्याची भीती कोणत्या बाजूला आहे ते यावरून कळते: पैसा जादा जाईल ही भीती मोठी, मूल सुटेल ही लहान.

*

बारामती एमआयडीसीत हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. इथे हंगाम बारमाही. पियाजिओची तीनचाकी, भारत फोर्ज, फेरेरोची चॉकलेटे, टेक्स्टाइल पार्क, दुधाचे प्रकल्प. आणि त्यांच्याभोवती कटफळ, रुई, तांदुळवाडी, गोजुबावी या गावांत भाड्याने दिलेल्या खोल्यांच्या रांगा. कायम कामगारांची मुले बसने इंग्रजी शाळांत जातात. ठेकेदाराकडे लागलेल्या बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाच्या कामगारांची मुले चालत जिल्हा परिषद शाळेत येतात, बहुधा वर्षाच्या मध्येच, आणि तितक्याच अचानक जातात.

कायदा त्यांच्या बाजूने आहे. आधीच्या शाळेचा दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८च्या आधार निकालात शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही असे सांगितले. तेव्हा मूल वर्गात बसते, खिचडी खाते, पाढे म्हणते. अडते ते पोर्टलवर. आपल्याकडे मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव अशी रीत. बिहारकडच्या मुलाच्या आधारवर नुसतेच नाव आणि पुढे ‘कुमार’. जन्मतारीख १ जानेवारी, कारण कोणीतरी अंदाजाने टाकलेली. एक अक्षर इकडे-तिकडे झाले की नोंद ‘जुळत नाही’ असे उत्तर येते. प्रवेशाला आधार लागत नाही, पण शिक्षकाचे पद मिळायला लागते, अशा या व्यवस्थेत ते मूल शाळेला हवे असूनही हिशेबात धरता येत नाही. खोट्या मुलांसाठी लावलेल्या जाळ्यात अडकते ते गरिबाचे खरे मूल. खोट्याचे कागद नेहमी नीटनेटके असतात.

जातीच्या रकान्यातही त्याची पंचाईत होते. अनुसूचित जातीचा दर्जा मूळ राज्याशी बांधलेला असल्याने बिहारचे प्रमाणपत्र इथे सवलतींसाठी चालत नाही. मग त्याला कोठे लिहायचे? ‘सर्वसाधारण’ हा रकाना सोपा पडतो. अशा रीतीने शाळेतले बहुधा सर्वांत वंचित मूल तक्त्यात सर्वांत पुढारलेल्यांबरोबर जाऊन बसते.

*

अमेरिकेत याच प्रश्नाला वेगळ्या दिशेने हात घातला गेला. १९६४च्या नागरी हक्क कायद्यानंतर, १९६८पासून तिथले नागरी हक्क कार्यालय शाळांकडून सक्तीने माहिती मागवते, सहसा एका वर्षाआड. तिचा उगम शिक्षण खात्याच्या नियोजनात नाही, भेदभावाच्या तक्रारी तपासणाऱ्या कार्यालयात आहे, आणि प्रश्नही त्याला साजेसे: कोणत्या वंशाच्या किती मुलांना शाळेतून काही दिवस काढून टाकले, वरच्या गणिताच्या वर्गात कोण बसते, अपंग मुलांना बांधून किंवा कोंडून ठेवण्याचे प्रसंग किती. २०११-१२च्या माहितीतून निघालेली एक गोष्ट बरीच गाजली. बालवर्गातल्या मुलांत कृष्णवर्णीय १८ टक्के, आणि एकाहून अधिक वेळा शाळेतून काही दिवसांसाठी काढलेल्या बालवर्गीयांत ते ४८ टक्के. चार वर्षांची मुले ती!

आपली नोंद नळ मोजते, मुलींची स्वतंत्र स्वच्छतागृहे मोजते, रॅम्प मोजते, २१ प्रकारच्या अपंगत्वांची मुले मोजते. हे सगळे मोलाचे आहे. मुलींचे स्वच्छतागृह हा हक्काचाच प्रश्न आहे. पण कोणत्या जातीच्या, धर्माच्या किती मुलांना शिक्षा झाली, कोणाला मागच्या बाकावर बसवले, झाडलोटीला कोणाला पाठवले, हा रकाना आपल्याकडे नाही. तो घातला तर सगळीकडे शून्य भरून येईल, असे कोणी म्हणेल. ते खोटेही नाही. अमेरिकेतही शाळांना बांधून किंवा कोंडून ठेवण्याचे प्रसंग विचारले तर २०१५-१६मध्ये सुमारे ७० टक्के शिक्षण-जिल्ह्यांनी शून्य असे कळवले होते. तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांनी ते शून्यच तपासायला घेतले आणि त्यातले काही चुकीचे असल्याचे दाखवले. शून्य भरणाऱ्याला निदान सही करावी लागते, आणि सहीबद्दल पुढे जाब विचारता येतो.

*

बारामतीपुरते बोलायचे तर नवे यंत्र शोधायची गरज नाही. यूडायसच्या प्रत्येक मुलाच्या नोंदीत मागच्या वर्षी ते किती दिवस हजर होते, हा रकाना आहेच. पटसंख्येच्या गदारोळात त्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. तोच आकडा प्रवर्गाप्रमाणे आणि गावाप्रमाणे मांडला तर बीडमधल्या कोणत्या शाळांची मुले दर साल पाच महिने नाहीशी होतात आणि इंदापूरच्या कोणत्या वस्तीवरची मेंढरांमागे जातात, हे एका संध्याकाळी दिसेल.

उसाच्या फडावरची माहिती तर आणखी तयार आहे. कारखान्याच्या शेतकी खात्याकडे मुकादमाचा करार असतो, टोळीत कोयते किती ते असते, गाव असते. तोडीची नोंद ठेवणारा चिटबॉय रोज फडावर जातो, काट्यावर प्रत्येक गाडीचे वजन किलोपर्यंत नोंदले जाते. ज्या व्यवस्थेला माणसाने तोडलेल्या उसाचा असा हिशेब ठेवता येतो, तिला त्याच्याबरोबर आलेली सहा ते चौदा वयाची मुले किती हे विचारणे जड नाही. फक्त ते विचारायचे कोणी? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ९प्रमाणे आपल्या हद्दीत राहणाऱ्या चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवणे आणि स्थलांतरितांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणे, ही दोन्ही कामे स्थानिक प्राधिकरणाची आहेत. ‘राहणाऱ्या’ मुलाची, मतदार यादीत नाव असलेल्यांच्या मुलाची नव्हे. म्हणजे जानेवारीत कोपीवर असलेले मूल पुणे जिल्हा परिषदेचे.

सप्टेंबरच्या पटाशिवाय जानेवारीत दुसरी मोजणी करायची म्हटली, तर मूल कोणाच्या पटावर या दोन शाळांच्या भांडणाचे काय, हा प्रश्न उरतो. पदे ठरवणारा पट आणि हक्क तपासणारी नोंद एकाच वहीत, एकाच तारखेला ठेवली तर दुसरी पहिलीच्या ओझ्याखाली दबणारच. संच मान्यतेला हजेरीचे दिवस धरले तर वाट निघते: मूल बीडच्या शाळेत १२० दिवस आणि बारामतीच्या शाळेत ८० दिवस बसले, तर दोघांच्या हिशेबात तेवढा तेवढा वाटा. मग बीडच्या मुख्याध्यापकाला नाव धरून ठेवायचे कारण राहत नाही आणि बारामतीच्या मुख्याध्यापकाला कोपीवर जाऊन मूल आणायचे कारण मिळते. यात नवी फसवणूक शिरेल का? शिरेल. हजेरीचे दिवसही फुगवता येतात. पण मग तेच दिवस दोन जिल्ह्यांच्या दोन वह्यांत दिसतील, आणि एकच मुलगी एकाच मंगळवारी पाटोद्यातही आणि माळेगावातही हजर दिसली, तर ती नोंद तपासायला कोणाकडे पाठवायची हे आधी ठरवून ठेवावे लागेल. ते गटशिक्षणाधिकाऱ्याकडे जाऊ नये. पदे वाटणाऱ्या खात्याबाहेरच्या कोणाकडे, बालहक्क आयोगाकडे जावे. कायद्याने हे लक्ष ठेवण्याचे काम आयोगाला दिलेलेच आहे.